अर्थाचा रकाना

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका एजन्सीकडून कामाची फाईल आली. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका, इंग्रजीतून मराठीत, शब्दागणिक दर ठरलेला, सोबत संज्ञांची यादी. यादी पाळणं बंधनकारक. माझं घर अशा कामांवर चालतं. कवितांच्या आणि कादंबऱ्यांच्या अनुवादांवर ते चालत नाही, हे या पानांच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. यादीत मध्येच कुठेतरी ‘लेझी इव्हॅल्युएशन’ होतं आणि त्याच्यासमोर ‘आळशी मूल्यमापन’.

मूल्यमापन म्हटलं की मला शाळेचं प्रगतिपुस्तक दिसतं. आळशी मूल्यमापन म्हणजे मग पेपर न वाचताच सगळ्यांना पस्तीस मार्क देऊन मोकळे होणारे गुरुजी. माझी शाळा भिलाईची, हिंदी माध्यमाची; पण उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला मामाकडे गेलं की मामेभावांची मराठी बीजगणिताची पुस्तकं हाताशी यायची आणि त्यांत पानोपानी एक वाक्य असायचं: क्ष ची किंमत काढा. तेव्हा ते फार गमतीचं वाटायचं, जणू क्ष बाजारात मांडून ठेवलाय आणि आपण घासाघीस करतोय. ‘इव्हॅल्युएट’साठी मराठीत इतकं साधं क्रियापद तयार असताना मूल्यमापन कशाला? ‘मागेल तेव्हा किंमत काढणे’ असं मी एजन्सीला सुचवलं. उत्तर आलं, यादी ग्राहकाने मंजूर केलेली आहे. मी यादीप्रमाणे काम करून दिलं आणि बिल पाठवलं.

शब्द मात्र डोक्यातून जाईना. त्याला कारण होतं. आमच्या घरात ‘आळशी’ ही शिवी होती.

बाबा भिलाई स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर होते. कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिलेला. करार १९५५चा, आणि पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. बाबा विदर्भातून इथे आले ते त्यानंतर सात-आठ वर्षांनी. तेव्हा भट्ट्या वाढत होत्या आणि रशियन तज्ज्ञ अजून टाउनशिपमध्ये राहत होते. ज्यांनी ब्लास्ट फर्नेस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वरून कोक, दल्ली-राजहराचं लोहखनिज आणि चुनखडी थराथराने टाकत राहायची, खालून तापवलेली हवा फुंकत राहायची, आणि तळाशी साठलेला लोखंडाचा रस दर काही तासांनी भोक पाडून बाहेर काढत राहायचा. यातलं ‘राहायचा’ महत्त्वाचं. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझत नाही. दिवाळी असो, पाऊस असो, बाजारात लोखंडाला भाव असो वा नसो. हवा बंद पडली आणि काम लांबलं तर आतला रस थिजतो, आणि थिजलेला तो गोळा फोडून काढणं फार जीवघेणं काम असतं.

प्लांटमध्येच पुढे रेल मिल आहे, तिथे रेल्वेसाठी रूळ लाटतात. बाबा म्हणायचे, ‘रेल मिलले ऑर्डर असते. आमाले ऑर्डर नसते, आमाले फक्त भट्टी असते.’ लहानपणी रात्री स्लॅग ओतला की पलीकडचं आकाश लाल व्हायचं, आणि आम्ही बहिणी गच्चीवरून पाहत असू की बाबा तिथे आहेत. सकाळी ते नाईट शिफ्ट करून यायचे, मी लोळत असायची.

‘काय करून राहिली तू? गणितं झाली?’

‘नंतर करते.’

‘भट्टीत नंतर नसते.’

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. पुढे जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला गेले, तेव्हा प्रबंध लांबवत राहिले की हॉस्टेलच्या फोनवरही हेच ऐकायला मिळे.

तर त्या पावसाळ्यात बहिणीचा मुलगा सुटीला आला होता. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी त्याला विचारलं, ही लेझी भानगड काय आहे रे? तो म्हणाला, ‘मावशी, मी तर रोज तीच वापरतो,’ आणि त्याने लॅपटॉप ओट्यावरच उघडला. आई भाजी निवडत होती, तिने थोडी जागा करून दिली.

तो वापरतो त्या यंत्रणेचं नाव निक्स. संगणकावर कुठलंही सॉफ्टवेअर बसवायचं तर ते आधी बांधावं लागतं: मूळ मजकूर कुठून आणायचा, कोणत्या कंपायलरने, कोणत्या लायब्रऱ्या जोडून, कोणत्या क्रमाने. ही सगळी कृती निक्समध्ये एका छोट्या फंक्शनल भाषेत लिहितात. फंक्शनल म्हणजे तिच्यात ‘आधी हे कर, मग ते कर’ असे हुकूम नसतात. फक्त ‘याची किंमत ही’ अशा व्याख्या असतात, आणि एकदा ठरलेली किंमत बदलत नाही. जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या अशा ८० हजारांहून जास्त कृती एकाच संग्रहात आहेत. मला चकित करणारी गोष्ट ही की भाषेच्या दृष्टीने हा अख्खा संग्रह म्हणजे एकच किंमत आहे: नावांची आणि नावांसमोरच्या व्याख्यांची एक अगडबंब यादी.

‘म्हणजे एक छोटं पॅकेज मागितलं तर आधी ८० हजार कृती सोडवायच्या?’

‘कशाला? आजीकडे रुचिरा आहे ना. पुरणपोळी करायची म्हणून ती पहिल्या पानापासून सगळं रांधते का?’

आईने मान वर केली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७०चं, आणि आमच्या प्रतीची पन्नासेक पानं हळदीने पिवळी आहेत, बाकीची कोरी करकरीत. भाच्याला उदाहरण ओट्यावरच सापडलं होतं.

मग त्याने तीन ओळींची फाईल लिहिली. पहिल्या नावासमोर एक हा आकडा, दुसऱ्यासमोर दोन, आणि तिसऱ्यासमोर मुद्दाम घातलेली चूक, जी सोडवायला गेलं की काम थांबतं आणि पडद्यावर ‘आजोबा आले’ असं उमटतं. त्याने पहिलं नाव मागितलं: एक. दुसरं मागितलं: दोन. यादीत एकूण किती नावं? तीन. तिसरं मागितलं तेव्हाच ‘आजोबा आले’. तोपर्यंत ती चूक यादीत शांत बसून होती, मोजदादीतही धरली गेली होती, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

या न सोडवलेल्या किमतीला ‘थंक’ म्हणतात. शब्द अल्गोल ६० या भाषेच्या काळातला; १९६१मध्ये तो शीर्षकात असलेला एक लेखही आहे. मी त्याला ‘पुरचुंडी’ म्हणते. पुरचुंडीत उत्तर नसतं. गणित असतं, आणि ते सोडवायला लागणारी नावं कुठे सापडतील ते असतं. कुणी मागितलं की गाठ सोडायची, किंमत काढायची, आणि पुरचुंडीच्या जागी ती किंमत ठेवून द्यायची, म्हणजे दुसऱ्यांदा मागणाऱ्याला आयती मिळते. ही दुसरी अट विसरली तर त्याला शहाणपणाचा आळस म्हणता येणार नाही. तेच गणित पुन्हा पुन्हा करणं म्हणजे नुसतीच हमाली. १९७६मध्ये दोन वेगवेगळ्या जोड्यांनी, फ्रीडमन आणि वाइज यांनी अमेरिकेत आणि हेंडरसन आणि मॉरिस यांनी वेगळे, ही कल्पना मांडली. पुढे १९९०मध्ये हास्केल आली ती भाषा तर मुळातच आळशी.

मला यात सर्वांत आवडलं ते वेगळंच. निक्सच्या संग्रहात प्रत्येक कृती तिला लागणाऱ्या इतर कृत्या नावाने मागते, आणि ती नावं त्याच संग्रहात शोधली जातात ज्यात ती स्वतः आहे. म्हणजे संग्रहाची व्याख्या करायला संग्रहच लागतो. सगळं आधी सोडवून ठेवणाऱ्या शिस्तीच्या भाषेत हे सरळ जमत नाही. पण शब्दकोश नेमका असाच असतो. मोल्सवर्थने १८३१मध्ये मराठीचा कोश काढला तो मराठी-इंग्रजी, म्हणून त्याला दुसऱ्या भाषेचा टेकू होता; दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात मराठीचा अर्थ मराठीतच आहे. प्रत्येक शब्द दुसऱ्या शब्दांवर उभा, आणि ते सगळे त्याच कोशात. तरी तो वापरता येतो, कारण कुणी तो संपूर्ण सोडवत नाही. एक शब्द मागतो, त्यासाठी दोन-तीन उघडावे लागतात, तिथे काम भागतं. अडतं ते एखाद्या शब्दाच्या अर्थात पुन्हा तोच शब्द लागला की. निक्सही अशा वेळी न संपणारं चक्र सापडल्याचं सांगून थांबतं. जादवपूरला दोन वर्षं आम्ही संहिता आणि संदर्भ यांवर जे काही बोलायचो, त्यातलं बरंच त्या दिवशी ओट्यावर चार ओळींत दिसलं. असो.

निक्स जन्मलं नेदरलँड्समध्ये, उत्रेख्त विद्यापीठात. एल्को डोल्स्ट्राने २००३मध्ये सुरुवात केली आणि २००६मध्ये त्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. नाव डच ‘निक्स’वरून, म्हणजे ‘काही नाही’: बांधकाम चालू असताना त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही, जे नाव घेऊन मागितलं तेवढंच. बांधून झालेली प्रत्येक वस्तू एका कोठारात जाते आणि तिच्या नावाआधी बत्तीस अक्षरांची एक खूण लागते. ती खूण कृतीतल्या सगळ्या घटकांवरून गणिताने निघते. घटकात एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पार वेगळी. या खुणांसाठी इंग्रजी मुळाक्षरांतली ई, ओ, यू आणि टी ही अक्षरं वगळली आहेत, का, तर योगायोगानेसुद्धा कुठे शिवी तयार होऊ नये. हे वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल जिव्हाळा वाटला. अनुवादक प्रूफ तपासताना असंच घाबरत असतो.

एक गोष्ट भाच्याने बजावून सांगितली: आळस फक्त कृती वाचण्यात आहे. कोणत्या कृती लागणार हे एकदा ठरलं की त्या लिहून काढल्या जातात, आणि मग रांधणं चालू होतं ते नेहमीसारखं, घाम गाळून. आणि न उघडलेली पुरचुंडी फुकटही नसते. तिला लागू शकतील ती सगळी नावं ती धरून बसते, त्यामुळे मोठ्या कामात संगणकाची मेमरी भरत जाते. आमचा माळा तसाच भरलेला आहे.

आणखी एक. संग्रहातून काढून टाकलेल्या पॅकेजांची नावंही बऱ्याचदा तशीच ठेवलेली असतात. नावासमोर फक्त एक निरोप: हे अमुक कारणाने काढून टाकलं आहे, त्याऐवजी तमुक वापरा. यादी चाळणाऱ्याला काही कळत नाही. नाव मागितलं तरच निरोप ऐकू येतो. माझ्या फोनमध्ये असे किती नंबर आहेत, मी मोजलेले नाहीत.

त्या सुटीत मी भाच्याकडून एक काम करून घेतलं. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या सामानात एक लांबट वही होती, कारखान्याच्या स्टोअरमधली असावी तशी. पहिल्या पानापासून रकाने आखलेले: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. रशियन तज्ज्ञांच्या तोंडून भट्टीवर ऐकलेले शब्द, कानाला लागले तसे देवनागरीत. दोमना म्हणजे भट्टी. शिख्ता म्हणजे वरून टाकायचा माल. फुर्मा म्हणजे हवा आत जाते ती नळी. ल्योत्का म्हणजे रस काढायचं भोक. चुगून म्हणजे बिडाचं लोखंड. आणि ‘कझ्योल – बकरा’.

हा बकरा मला बरेच दिवस कळला नाही. वाटलं, जेवणाच्या सुटीतला विषय असेल. मग तंत्रविषयक कोशात सापडला: भट्टीच्या तळाशी थिजून बसलेल्या लोखंडाच्या गोळ्याला रशियन कामगार बकराच म्हणतात. इंग्रजीत त्यालाच सॅलॅमँडर म्हणतात, अस्वलही म्हणतात. प्रत्येक भाषेला त्या अंधारात एक जनावर दिसलं आहे. बाबांनी लहानपणी आम्हाला ज्याची भीती घातली, ‘नंतर’ म्हणणाऱ्यांच्या भट्टीत जे होतं, ते हेच.

वहीत १४० शब्द आहेत. त्यांतल्या २७ शब्दांसमोर अर्थाचा रकाना रिकामा आहे. पूर्ण रिकामाही नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘नं.’ लिहिलंय. मला आधी वाटलं नंबर. मग एका ठिकाणी त्यांनी घाईत पूर्ण शब्द लिहिलेला दिसला: नंतर.

मी वही पाहत बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले होते.

तर या वहीचं एक छोटं पुस्तक करायचं ठरवलं, घरच्यांपुरतं: शब्द देवनागरीत, मूळ रशियन लिपीत, अर्थ मराठीत आणि हिंदीत. तीन लिप्या-भाषांची जुळणी करताना माझ्या लॅपटॉपवर दर वेळी काहीतरी मोडायचं. एक अपडेट आलं की जोडाक्षरं फुटायची. म्हणून भाच्याने पुस्तकाची कृतीच निक्समध्ये लिहून दिली. टाइपसेटिंगचा प्रोग्राम अमुक, फॉन्ट तमुक, सगळं खुणेसकट बांधलेलं. दोन आवृत्त्या: एक पडद्यावर वाचायची, एक छापायची. छापील आवृत्तीसाठी मी हट्टाने एक जुना फॉन्ट निवडला होता, कुणा हौशी माणसाने आपल्या साइटवर ठेवलेला, कारण त्यात रशियन स्वरांवरची आघाताची खूण सुरेख बसायची. भाच्याने फॉन्टचा पत्ता आणि त्याची खूण कृतीत नोंदवली. मी वर्षभर पडद्यावरची आवृत्ती मागत राहिले, ती दर वेळी बिनबोभाट तयार होत राहिली. छापील आवृत्ती मागायची वेळ आलीच नाही.

ती आली या जूनमध्ये. बाबांच्या तिसऱ्या वर्षाला चार प्रती छापून नातेवाइकांना द्याव्यात असं आई म्हणाली. मी छापील आवृत्ती मागितली आणि लगेच चूक दाखवली गेली: एका नावाचं स्पेलिंग भाच्याने चुकवलं होतं. वर्षभर चूक तिथेच होती. मागितलंच नाही म्हणून दिसली नाही. ती दोन मिनिटांत सुधारली. पुन्हा मागितलं. या वेळी कृती नीट लिहून झाली, सामान आणायला यंत्र बाहेर पडलं आणि रिकाम्या हाताने परत आलं. फॉन्टची साइट बंद झाली होती.

भाच्याला फोन केला. त्याने इकडेतिकडे शोधलं. फ्रान्समध्ये २०१६पासून सॉफ्टवेअर हेरिटेज नावाचं एक मोठं संग्रहालय चालतं, जगातला सोर्स कोड नाहीसा होऊ नये म्हणून. तिथेही हा फॉन्ट पोचलेला नव्हता. तो म्हणाला, ‘मावशी, कुठे सापडला तर पाठव. तोच आहे की नाही ते मी एका सेकंदात सांगतो. खूण आहे ना आपल्याकडे.’

म्हणजे वस्तू नाही, पण ती समोर आली तर ओळखण्याची शंभर टक्के खात्री आहे. खुणेवरून वस्तू ओळखता येते, घडवता येत नाही. भाचा हे सहज बोलून गेला. मी फोन ठेवून वही उघडली.

फॉन्टचं काय, दुसरा मिळाला. प्रश्न त्या सत्तावीस पुरचुंड्यांचा होता. जादवपूरला मी वर्षभर रशियनचा वर्ग केला होता, तेवढ्या भांडवलावर आणि कोशांच्या मदतीने मी त्यांतल्या एकोणीस शब्दांचे अर्थ लावले होते. आठ राहिले. बाबांनी कानाने लिहिलेलं, आणि कान भट्टीच्या आवाजात बधिरलेले. मूळ शब्द काय असेल ते सांगता येत नव्हतं. त्यांतला एक तर मला झोपू देत नव्हता, कारण त्याला एकही अर्थ नाही असं नव्हतं, चार होते. शब्द होता ‘स्लावा’.

पहिल्या स्वरावर आघात दिला तर स्लावा म्हणजे कीर्ती. आघात शेवटी गेला तर तो ‘स्लोवो’चं, म्हणजे शब्दाचं, अनेकवचन होतो, लिहायचा स्लोवा, पण आघाताविना ओ चा उच्चार अ होत असल्याने कानाला लागतो जवळजवळ स्लवा. म्हणजे शब्द, पुष्कळ शब्द. बाबा वही घेऊन काहीतरी विचारतायत आणि समोरचा हसून म्हणतो, ‘शब्द, शब्द,’ आणि बाबा तेही लिहून घेतात, असं मला दिसायचं. तिसरी शक्यता, मूळ शब्द ‘स्प्लाव’ असेल, म्हणजे मिश्रधातू, आणि एक व्यंजन गोंगाटात हरवलं. भट्टीवरच्या यादीत तो शोभला असता. चौथी, व्याचेस्लाव किंवा स्तानिस्लाव अशा माणसाला घरी हाक मारतात ते नाव. पण माणसाचं नाव संज्ञांच्या यादीत कोण लिहील? अनुवादक म्हणून मी मिश्रधातूवर टिकमार्क केला असता. मुलगी म्हणून मला ‘शब्द’ हवं होतं. आघाताची खूण वहीत नव्हती.

विचारायला माणूस होता. बाबांच्या शिफ्टमधले एक काकाजी दुर्गला मुलाकडे राहतात, नव्वदीला आलेले. सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरसमोर त्यांचं क्वार्टर होतं. दुर्ग काही लांब नाही, ऑटोने अर्धा तास. तरी बाबा गेल्यापासून मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. कामं होती, हे एक. खरं कारण वेगळं. गाठ सुटत नाही तोवर आत अर्थ आहे असं धरून चालता येतं. सोडली आणि ‘मला नाही बा आठवत’ असं उत्तर आलं, तर रकाना कायमचा रिकामा. आणि नंबर लावल्यावर भलताच निरोप ऐकू आला तर, ही धास्ती होतीच.

जुलैत एका सकाळी केला फोन. सुनेने उचलला. काकाजी आहेत, बरे आहेत, ऐकू मात्र अजिबात येत नाही. मी तिला शब्द सांगितला. तिने तो तिकडे ओरडून सांगितला, ‘बाबा, स्लावा! स्लावा म्हणून काही होतं का फर्नेसवर?’ मग बराच वेळ पंख्याची घरघर. मग काकाजींनी स्वतः फोन घेतला. त्यांना माझं काही ऐकू जाणार नव्हतं, ते बोलतच सुटले.

‘स्लावा? अन् तो फर्नेसवर कुठचा, तो रेल मिलले होता. उंच. तुमच्या घरचं लिंबाचं लोणचं बरणी रिकामी होईस्तोवर खाये. तुझ्या बापानं त्याले मराठी शिकवाचा नाद घेतला होता. संध्याकाळी बसत दोघं. तुझ्या मायले विचार, तिले सारं ठाऊक.’

मी विचारलं, मग बाबांनी त्याचं नाव यादीत कशाला लिहिलं? सुनेने तेही ओरडून सांगितलं. काकाजी म्हणाले, ‘वही घेऊन ये रविवारी. जेवाले इथंच ये.’

मी फोन ठेवला. दोन कोश, तंत्रशब्दांच्या याद्या, वर्षभराच्या वर्गाच्या जुन्या वह्या, सगळीकडे तो शब्द शोधून झाला होता. आई ओट्याशी लसूण सोलत होती. तीन वर्षं ती तिथेच होती.

‘आई, स्लावा कोण गं?’

तिने मान वर केली नाही. ‘कोणता?’ ती म्हणाली. ‘दोन होते.’